एक ठोका जास्त

युगेतने लाकडी चमच्याच्या दांड्याने भिंतीवर सात वेळा ठोकलं आणि ती थांबली. टीव्हीवर दहा अक्षरं मांडलेली होती. त्यांतून तिने सात अक्षरी शब्द काढला होता, आणि तोही फर्मास. पलीकडून मादाम ब्रोसारने सावकाश ठोकायला घेतलं. सहा, सात. आणि वर आठवा.

"घ्या," युगेत टीव्हीला म्हणाली. "आज शेवटच्या दिवशी तरी बाईने जरा मन मोठं करायचं."

हा अक्षरांचा आणि आकड्यांचा खेळ आज कायमचा बंद होणार होता. युगेत नवी नवरी होती तेव्हापासून तो लागायचा. फेर्नां फितींच्या गिरणीतून यायचा आणि बूट काढायच्या आधी विचारायचा, "अक्षरं काढली का त्यांनी?" सूप गॅसवर, मुलं टेबलाखाली, आणि नवरा-बायको परीक्षेला बसल्यासारखी एकमेकांपासून कागद लपवतायत. फेर्नांला शब्द जमत नसत, आकडे मात्र तोंडी जुळायचे. किती चांगले दिवस होते ते. तेव्हा मात्र तिचं सगळं लक्ष सूप करपतंय का, इकडे असायचं.

अकरा वर्षांपूर्वी फेर्नां गेला. त्याच वर्षी जिना पुसायच्या पाळीवरून शेजारच्या मादाम ब्रोसारशी कडाक्याचं भांडण झालं आणि बोलणं तुटलं. मग एका संध्याकाळी युगेतला नऊ अक्षरी शब्द सापडला, आणि घरात सांगायला कुणी नाही. आनंदाच्या भरात तिने भिंतच बडवली, नऊ वेळा. पलीकडून चाचरत तीन ठोके आले.

तेव्हापासून हे चालू होतं. जेवढी अक्षरं तेवढे ठोके. आकड्यांच्या डावात उत्तर तंतोतंत आलं तर दोन, जवळपास आलं तर एक. आधी युगेत ठोकणार, मग मादाम ब्रोसार. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी कठडा बघत जात, पण संध्याकाळी पाच वाजता भिंत बोलायची. उद्यापासून ती गप्प होणार, याचा युगेतने धसका घेतला होता. ती हे मुलीजवळसुद्धा फोनवर बोलली नव्हती, पण सकाळपासून तिला घास गेला नव्हता.

शेवटचा डाव आकड्यांचा निघाला. सहा आकडे मिळवून, गुणून, वजा करून आठशे सत्याहत्तर करायचे. युगेतने कागद भरून टाकला, पण आठशे शहात्तरच्या पुढे गाडी जाईना. एकाने हुकलं. तिने एकदाच ठोकलं.

पलीकडून दोन ठोके आले.

युगेतने चमचा खाली ठेवला. शेवटसुद्धा हरूनच. तेवढ्यात निवेदक हसत म्हणाला, "या सहा आकड्यांतून आठशे सत्याहत्तर होतच नाहीत, मंडळी. यंत्राने सगळं करून पाहिलं. आठशे शहात्तर म्हणजे कमाल झाली."

हे डोक्यात शिरायला तिला थोडा वेळ लागला. मग ती उठली, आणि चमचा हातात घेऊन तशीच अ‍ॅप्रनवर बाहेर गेली. मागे निरोपाची धून वाजत होती. ती ऐकताना डोळे पुसायला युगेतने दुपारीच रुमाल काढून ठेवला होता, तो खुर्चीवरच राहिला.

मादाम ब्रोसारने दार उघडलं. तिच्या हातात विणकाम होतं.

"कागद दाखवा," युगेत म्हणाली. अकरा वर्षांतले तिचे हे पहिले शब्द.

"कसला कागद?"

"आठशे सत्याहत्तरचा. होत नाहीत ते. आत्ता सांगितलं त्यांनी."

"असं होय. मी ऐकलं नाही. टीव्ही लावलेलाच नव्हता."

युगेतने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. खोलीत खरंच सामसूम होती. "मग मघाची आठ अक्षरं?"

"नव्हती."

"आणि परवाची नऊ?"

"मादाम, मला बाजाराची यादी धड लिहिता येत नाही. नऊ अक्षरं कुठून आणू? तुम्ही ठोकता, मी एक वाढवून ठोकते. कधी तेवढेच ठोकते, तुम्हाला संशय नको म्हणून."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

युगेतला संताप आला होता, आणि रडूही येत होतं. "लबाड बाई," ती म्हणाली. "एवढं जिंकून मिळवलंत काय?"

"जिंकायचं होतं कुणाला?" मादाम ब्रोसारने सुई लोकरीत खोचली. "पहिले काही दिवस मी कमीच ठोकायचे. तुम्ही जिंकलात की दोन-दोन दिवस भिंतीकडे फिरकायच्या नाहीत. हरलात की दुसऱ्या दिवशी पाचाच्या ठोक्याला हजर."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं.

"आता तो खेळच संपला," युगेत म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

"मग उद्या इकडे या. अक्षरांच्या चिठ्ठ्या करू. समोर बसवून हरवा मला, काय उट्टं काढायचं ते काढा."

"तुम्हाला हरवण्यात कसली आलीय मजा."

युगेत वळली. चार पावलांवर तिचं दार होतं. ती कडीला हात घालून उभी राहिली आणि मागे न बघता तिने विचारलं, "किती वाजता?"