मागच्या सीटचं माप

बूट परत आले, पण डाव्या बुटाच्या टाचेला काळं ग्रीस लागलेलं होतं.

बूट तिचेच. आठवडाभर कपाटातून गायब होते, सोबत तिची जुनी जीन्सही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय माहीत? असतील इथंच कुठंतरी." हे बोलताना तो तिच्या डोळ्यांकडे नाही, कानाकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच!

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या, हेच काम. मग घरात पाणी कुठं मुरतंय ते तिला कळू नये?

सगळं सुरू झालं त्या क्रूझरपासून. नवरा पाट्या रंगवणारा पेंटर; तरुणपणी हौसेनं ही दणदणीत मोटरसायकल घेतलेली. लग्न झालं आणि मागची सीट तिची झाली. इतक्या वर्षांत त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. आता या वयात गृहस्थाला गाडी नटवायची लहर आली. काळी कुळकुळीत टाकी, चकचकीत सायलेन्सर, गोल मोठा दिवा. हँडल मागे ओढून घेतलं, पुढची सीट खाली घेतली. कंबर दुखते म्हणे. बरं बाबा, दुखत असेल.

नवल म्हणजे, टाकीवरची पिवळी रेघ या पेंटरनं मिस्त्रीकडून मारून घेतली. दुसऱ्यानं ओढलेल्या रेघेला नावं ठेवणारा माणूस! मन भलतीकडे गुंतलं की हातचं काम असंच सुटतं, ती मनाशी म्हणाली.

एकदा गॅरेजवरून जाताना तिनं मागची सीट पाहिली. रुंद, गुबगुबीत, पाठ टेकायला उंच गादी. पाय ठेवायची जागा इतकी खाली, की तिचे पाय लोंबकळतच राहतील. तिच्यासारख्या काटकुळ्या, बुटक्या बाईला एवढी सीट कशाला? ही जी कोण होती ती तिच्या नवऱ्याएवढीच उंच आणि आडवी असणार.

जेवताना तिनं विषय काढलाच. "मागे एवढी गादी कुणासाठी?"

"बसणाऱ्याला आराम नको का?"

"बसणाऱ्याला की बसणारीला?"

तो हसला, पाण्याचा पेला घ्यायला गेला आणि पेलाच कलंडला. तिनं पाणी पुसलं.

मग तो चौकातला प्रकार. ती स्कूलच्या गाडीत होती, तो समोरून चालत येत होता. तिनं काच खाली करून हात केला. तो तिच्याकडे बघत बघत सरळ निघून गेला. बायकोला ओळख दाखवायचीही लाज! तिला रडूच कोसळलं. शेजारी शिकायला बसलेला माणूस बिचारा घाबरून म्हणाला, "मॅडम, चुकला का गिअर?"

झोप उडाली, भूक गेली. घरात ती नुसती येरझाऱ्या घालायची. एकदा गॅलरीत तो फोनवर बोलत होता. पलीकडून बाईचा आवाज स्पष्ट आला, "घरी कधी सांगणार? असं किती दिवस लपवणार तुम्ही?"

"गाडी तयार झाली की सांगतो," नवरा हळूच म्हणाला.

म्हणजे गाडी तयार झाली की संसार मोडणार. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, कुणी बघत नाही!

गाडी मिळायच्या दिवशी तिनं रजा टाकली. तेच बूट घातले आणि त्याच्या मागोमाग गॅरेजात शिरली. काय तो सोक्षमोक्ष आजच लावायचा.

मिस्त्री फडक्यानं टाकी पुसत होता. नवरा गाडीवर हात ठेवून उभा होता. तिसरं कुणी नव्हतं.

"कुठाय ती?" तिनं विचारलं.

"आलीस?" नवरा आवाजाच्या दिशेनं वळला. "कोण ती?"

"जिच्यासाठी ही गादी केलीस ती!"

मिस्त्री चपापला. मग म्हणाला, "मॅडम, आधी बसून तर बघा."

"मागं मी बसणार नाही. ती जागा आता माझ्या मापाची नाही."

"मागं नाही हो. पुढं बसा."

रागारागात ती बसली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. हँडल आपणहून हातात आलं. कोपर थोडं वाकलेलं, शिकणाऱ्यांना ती रोज सांगते तसं. क्लच दोन बोटांनी दाबला गेला.

"बूट आणि जीन्स मिळाली म्हणून माप जमलं," मिस्त्री म्हणाला. "नाहीतर सगळं अंदाजपंचे झालं असतं."

मागून गाडी दबली. नवरा गादी चाचपत चढला. त्याचा पाय पाय ठेवायची जागा शोधत राहिला, एकदा हुकला, मग टेकला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दवाखान्यातल्या बाई रोज रागावतात गं, घरी सांगा म्हणून," तो म्हणाला. "टाकीवरची रेघ सरळ आलीय का, तेवढं बघून सांग. मला आता दिसत नाही."