जिन्यातली चटई

कुंदनच्या घरी जुळी झाली, त्या वर्षीच्या फाल्गुनातली गोष्ट. बारशाचे पेढे हातात घेऊन तो सानपाड्याच्या एका सोसायटीत बंद दारासमोर उभा होता. मागे जिन्यात खारघरच्या कॉलेजातली जुनी मंडळी खालपर्यंत दाटली होती. प्रत्येकाकडे स्टीलचं ताट. उज्वला कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायची तेव्हा हेच लोक कॅन्टीनमधली ताटं पळवून आणायचे आणि तिनं बास्केट केली की बडवायचे. त्या उज्वलाला आता रक्ताचा कर्करोग झाला होता.

दाराशी स्टुलावर तिचे वडील बसले होते. हौसेराव. साताऱ्याकडचा माणूस, वाशीच्या बाजारात मिरचीची पोती वाहून म्हातारा झालेला.

“आत जायाचं न्हाई,” ते म्हणाले. “दाक्तरांनी सांगितलंय. माणसांचा वारा लागू द्यायचा न्हाई पोरीला.”

“आबा, डिफेन्स सोडा की आता. लांबून बघतो नि जातो.”

मागे हशा पिकला. हौसेराव हसले नाहीत. तेवढ्यात दार फटीएवढं उघडलं. उज्वलाच्या आईनं, राजाबाईंनी, चहाचा पेला बाहेर ठेवला आणि लगेच दार लावून घेतलं. हौसेरावांनी तो पेला कुंदनपुढे केला.

“घ्या. आजाऱ्याच्या दारातनं कोरड्या तोंडानं जाऊ नये.”

मग ते भिंतीकडे तोंड करून टॉवेलात बराच वेळ खोकले.

कुंदननं पेला घेतला नाही. तोही त्याच मुलखातला. आजाऱ्याला भेटायला आलेल्याला खाटेजवळ बसवतात, दारातून परत पाठवत नाहीत, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. शिवाय गेल्याच महिन्यात याच पोरांनी हॉस्पिटलात रांग लावून उज्वलासाठी प्लेटलेट दिल्या होत्या. त्याचं डोकं फिरलं.

“आमचं रक्त चालतं, आमी नाही चालत? आणि तुमी मात्र बाप म्हणून आत-बाहेर करणार!”

हौसेरावांनी पेल्यावर बशी झाकली.

उत्तर आतून आलं. आवाज बारीक झाला होता, पण मैदानावर ‘पास दे’ म्हणून ओरडणारा तोच होता.

“कुंद्या, त्यांना कशाला बोलतोस? खोकणाऱ्याला आत बंदी आहे. दिवाळीपासून आबा घरात आलेले नाहीत. मी त्यांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.”

तेव्हा कुंदनला स्टुलामागची गुंडाळलेली चटई दिसली. तांब्या दिसला. कठड्यावर वाळत घातलेला सदरा दिसला. तो वर आला तेव्हाही हे सगळं तिथंच होतं.

त्यानं पेढे स्टुलापाशी ठेवले. थंड झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला. ताट न वाजवता सगळे खाली उतरले.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, पण जिना चढले नाहीत. तिच्या खिडकीखाली, सोसायटीच्या आवारात त्यांनी चेंडू आपटायला सुरुवात केली. डोक्याला रुमाल बांधलेली उज्वला खिडकीत आली. ताटं कडाडली. कुंदन धावत वर गेला आणि हौसेरावांना दंडाला धरून खाली घेऊन आला.

लेकीचा एकही सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. बाजारातून सुटका व्हायची नाही. कोणी तरी त्यांच्या हातात ताट दिलं.

“वाजवा आबा.”

त्यांनी वाजवलं नाही. ताट छातीशी धरून ते मान वर करून बघत राहिले.

“वाळलीय,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “पर हसतीय.”

मग दर रविवारी स्टूल घेऊन सगळ्यांच्या आधी तेच खाली येऊन बसू लागले.

उज्वला बरी झाली. जिना उतरायची परवानगी तिला भाद्रपदात मिळाली. हौसेराव श्रावणातच वारले होते, जिन्यातल्या त्या चटईवर.