ज्वारीपलीकडची एसटी

हैबतीनं चेंडू तिसऱ्यांदा मुद्दाम ज्वारीत मारला. आठ वर्षांच्या कैदेत त्याला व्हॉलीबॉल खेळायला तुरुंगाबाहेर आणलं होतं ते आजच, आणि मैदानात उतरल्यापासून त्याचा जीव ज्वारीपलीकडच्या रस्त्यात अडकला होता. त्याच्या गावची एसटी तिथूनच जायची.

"आता तूच आण जा," खंडागळे हवालदार वैतागले. "सगळ्यांच्या खेळाचा विचका करतोयस लेका!"

ज्वारी पुरुषभर वाढली होती. चेंडू पायाला लागला, तो ओलांडून हैबती पुढे सरकला आणि मग पळतच सुटला. पानं तोंडावर सपासप बसत होती. ताटांच्या फटीतून रस्ता दिसला, थांबा दिसला, लांबून येणारी लाल एसटीसुद्धा दिसली. वीस पावलं उरली होती.

तेवढ्यात मागून खंडागळ्यांची लांबलचक शिट्टी आली. बराकीत रोज सकाळ-संध्याकाळ गिनतीला सगळ्यांना बसवताना वाजायची, तीच.

हैबतीचे गुडघे आपसूक वाकले. तो जागच्या जागी उकिडवा बसला, हात गुडघ्यांवर, मान खाली. एसटी थांब्यावर थांबली, निघूनही गेली.

मागे पानं सळसळायला लागली. कुणीतरी 'ऊठ' म्हणायची तो वाट बघत बसला.