फ्रीजमधल्या चाव्या

त्याने फ्रीजचा प्लग काढला, दार उघडलं आणि गाडीच्या चाव्या दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवल्या.

“अहो, तिथे कुठे?” घरमालकीणबाई म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

“शूटिंग संपलं की फ्रीज सुरू करायचा राहून जातो, काकू. चाव्या आत असल्या की घरी जायच्या आधी दार उघडावंच लागतं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात.”

“पण हा कुठे आवाज करतो? नवा आहे. नुसती बारीक शीळ घालतो.”

“तीच नको असते. दोन तास फक्त.”

“दोनच हं. आमच्या ह्यांची इंजेक्शनं आहेत आत.”

प्लग काढण्याआधी त्याने फ्रीजला जवळजवळ कान लावला होता. शीळ ऐकू आली नव्हती. काढल्यावरही काही बदललं नव्हतं.

तो हॉलमध्ये येऊन आपल्या रेकॉर्डरसमोर बसला. सव्वीस वर्षं तो सिनेमांचा आवाज टिपत होता. युनिटमध्ये त्याला कानसाहेब म्हणत. तीन मजले खाली गळणारा नळ त्याने एकदा जागच्या जागी बसून शोधून काढला होता, आणि तो किस्सा नव्या माणसांना अजून ऐकवला जाई.

वर्षभरापूर्वी त्याला मायक्रोफोन बोथट झाल्यासारखा वाटला. तो विकून त्याने नवा घेतला. मग केबली बदलल्या. मग हेडफोन. “ह्याच्यातलं वरच्या पट्टीचं सगळं गेलंय,” तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. “मला तर ठणठणीत वाटतायत, साहेब.” तेव्हा तो घाबरला. गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी त्याच्या हातात एक आलेख दिला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उंच आवाजांपाशी कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. तो कागद मायक्रोफोनच्या पेटीत, फोमच्या खाली होता. त्याने तो बायकोलाही दाखवला नव्हता. ही बातमी फुटली, की दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायचा बंद होईल, हे त्याला माहीत होतं. आजचा दिवस निभावला, तर पुढचेही निभावतील, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

दोन तास दिवे लावण्यातच गेले. मग जेवणाची सुट्टी झाली. वयस्क नटी मेकअप करून आल्या, तेव्हा दुपार कलली होती.

“एकदाच करीन,” बाईंनी दिग्दर्शकाला बजावलं. “पुन्हा पुन्हा रडायला मी काही नळ नाही. आणि सहाला मला विमानतळावर सोडा.”

सगळे आपापल्या जागी गेले. माइकची लांब काठी धरणारी बूमवाली बाईंच्या डोक्याशी उभी राहिली. ती दहा वर्षं त्याच्याबरोबर काम करत होती. तिने मान किंचित स्वयंपाकघराकडे वळवली, मग त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

त्याने हेडफोन कानांवर दाबले. काही नाही. यंत्रावरचा काटा पाहिला. काटाही पडून होता. त्याने मान हलवली, काही नाही. तिने नजर खाली घेतली. कानसाहेबांपुढे तिच्या उघड्या कानांचं काय चालणार?

बाई घर सोडून गेलेल्या मुलीशी फोनवर बोलू लागल्या. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. गिळलेला आवंढा ऐकू आला. त्याची मान घामाने भिजली होती.

“कट!”

त्याने लगेच हात वर केला. नंतर संवादांमधले सांधे बुजवायला खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपायची असते; ती संपेपर्यंत कुणी पापणीही हलवत नाही. वीस माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली. त्याने डोळे मिटले. इतकी स्वच्छ शांतता त्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. महिनाभरात पहिल्यांदा त्याचा श्वास पोटापर्यंत गेला.

“क्लीन,” तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शकाने बाईंना मिठी मारली.

हेडफोन गळ्यात अडकवून तो स्वयंपाकघरात गेला. चाव्यांसाठी त्याने फ्रीजचं दार उघडलं.

आतला दिवा लागला.

त्याने चाव्या उचलल्या, तर बोटांना चटका बसावा इतक्या गार.

“सुट्टीतच लावला मी,” मागून काकू म्हणाल्या. “दोनाचे तीन तास झाले होते. म्हटलं, शीळ ऐकून तुम्ही धावत याल, आणि बोलणी बसतील. कुणीच आलं नाही. मग वाटलं, चालत असेल.”

त्याने दार लावलं आणि त्यावर तळवा टेकवला. पत्रा अगदी बारीक थरथरत होता. हाताला कळत होतं.

“कानसाहेब!” बाहेरून दिग्दर्शकाची हाक आली. “सगळं ओके ना? बाईंची गाडी काढायला सांगू?”

बूमवाली दारात येऊन उभी होती. तिने फ्रीजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या वेळी भुवया उंचावल्या नाहीत. “दादा,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी सांगते काहीतरी. लाइटची गडबड झाली म्हणते.”

त्याने गळ्यातले हेडफोन काढले आणि तिच्या हातात दिले.

“बाईंना थांबव,” तो म्हणाला. “पुढचा टेक तू ऐक. मला ऐकू येत नाही.”