सगळ्या देशांत पहिली

रोजच्या वापरात कोण पर्यावरण किती जपतं, हे एकाच प्रश्नावलीने बऱ्याच देशांत मोजलं जात होतं. सर्वेक्षणवाल्या बाई आज या घरातल्या बायकोची माहिती भरत होत्या आणि उत्तरं मात्र नवराच देत होता.

"वहिनींनी एवढ्यात नवीन कपडे घेतले?"

"लग्नानंतर एकही नाही."

"बसने, गाडीने जाणं-येणं?"

"तिला कुठे जायचंय? हवं-नको ते मीच आणून देतो."

"मोबाइल?"

"माझा आहे की. घरात दोन कशाला?"

"विजेचा वापर?"

"तिच्या खोलीतला दिवा काढूनच टाकलाय मी. उगाच जळत राहायचा."

प्रत्येक उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडत गेले. टॅबवर शेवटचा आकडा उमटला आणि बाई हरखून गेल्या.

"अहो दादा, वहिनी सगळ्या देशांत पहिल्या आल्यात! नाहीतर आम्ही, कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात. बोलवा ना त्यांना, एक फोटो काढू."

"मी मागे असतो म्हणून जमतं तिला," नवरा हसत उठला.



मग खिशातून किल्ली काढून त्याने आतल्या खोलीचं कुलूप उघडलं.