पहिली बाजू

"पहिली बाजू चिडकी आहे, दुसरी शांत," चिनात्सू म्हणाली. "आणि बाबा, खोटं कौतुक नको. दरवेळी 'छान आहे' म्हणता आणि माझी तबकडी काउंटरखालच्या खोक्यात जाते. आवडली तरच फळीवर ठेवा."

"यंत्रांचं संगीत ना?" खिडकीजवळ बसलेले नेहमीचे गिऱ्हाईक, हिराबायाशी आजोबा म्हणाले. "मास्टर, फ्रिजची घरघर मला घरी फुकट ऐकायला मिळते."

चिनात्सूचे बाबा निशिवाकी कॉफीघराचे मालक, म्हणून गिऱ्हाइकांचे 'मास्टर'. त्यांनी तबकडीवरून ब्रश फिरवला, सुई टेकवली आणि कव्हर स्टँडवर उभं केलं. आता कुणी बोलायचं नव्हतं. तबकडी वाजत असताना गप्प बसावं, अशी पाटी त्यांच्या कॉफीघरात चौतीस वर्षं होती. काही सांगायचंच असेल तर टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहायचं.

खोल, जड ठोके सुरू झाले. एक पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. निशिवाकी चिडकेपणाची वाट पाहत राहिले. तो येईना. आपले कान गेले की काय, असं वाटून ते घाबरले. मग वाट पाहणं केव्हा सुटलं ते त्यांना कळलंच नाही. दुपारी ओहोटीला लागलेल्या समुद्रासारखं काहीतरी समोर पसरलं होतं. हिराबायाशींनी डोळे मिटले होते आणि त्यांची कॉफी निवत होती.

चिनात्सूला मात्र बसवत नव्हतं. टेबलाखाली तिचा गुडघा हलत होता आणि बशीतला चमचा थरथरत होता. 'पाय हलवू नकोस, घरात दारिद्र्य येतं,' हे निशिवाकींनी तिला लहानपणापासून हजारदा सांगितलं असेल. आत्ता त्यांनी नुसता हात दाखवला. पाय थांबला आणि पुन्हा हलू लागला. तिने एक चिठ्ठी लिहिली, चुरगळली. दुसरी लिहिली, तीही चुरगळली.

माझ्या मताची धास्ती घेतलीये पोरीने, असं त्यांना वाटलं. त्यांनीच एक चिठ्ठी लिहिली आणि तिच्या कपाजवळ सरकवली. 'आवडली. अगदी मनापासून.'

तिने ती वाचली. बराच वेळ वाचत राहिली. मग उलटवून मागे दोन शब्द लिहिले आणि परत दिली.

'बाबा, पंचेचाळीस.'

निशिवाकींनी वळून फिरत्या तबकडीकडे पाहिलं. त्यांच्याकडच्या जुन्या जॅझच्या तबकड्या सगळ्या मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या. वेगाच्या बटणाकडे त्यांचा हात कधी जातच नसे. तिची ही बाजू पंचेचाळीसची होती; तेहतीसवर लावल्यामुळे ती इतकी संथ आणि जड वाजत होती. मुलीचं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच आवडलं होतं, आणि ते तिने केलेलंच नव्हतं.

बाजू संपल्याशिवाय सुई उचलायची नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांनी सुई उचलली.

"अहो मास्टर!" हिराबायाशींनी डोळे उघडले. "रंगात आलं होतं की!"

"आजोबा, फ्रिज बिघडला होता," चिनात्सू हळूच म्हणाली.

निशिवाकींनी बटण दाबलं आणि सुई पुन्हा पहिल्यापासून लावली. तेच सूर आता धावत आले. बाहेरून कडी लावलेल्या दारावर कुणी आतून धडका द्याव्यात तसे ठोके, एकात एक घुसणारे, श्वास घ्यायला जागा न ठेवणारे. हिराबायाशींनी गार कॉफी एका घोटात संपवली. निशिवाकींच्या छातीत धडधडू लागलं. कुठे टेकावं ते त्यांना समजेना. खरं सांगायचं तर त्यांना हे आवडत नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो लावून हातातली चिठ्ठी एका बाजूने वाचली, मग दुसऱ्या बाजूने. आणि मुलीकडे पाहिलं.

बशीत चमचा निपचित पडला होता. टेबलाखाली तिची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली होती.