दारावरची पाटी

लीड्समध्ये दारावर नावाची पाटी कोणी लावत नाही, नुसता घरनंबर असतो. म्हणून चौऱ्याण्णव वर्षांच्या मिस्टर लिंडेनब्रुन यांच्या दारावरची घासून लख्ख केलेली पितळी पाटी धम्मशीलाच्या पहिल्याच दिवशी नजरेत भरली. नर्स म्हणून ती त्यांच्या पायाचं ड्रेसिंग करायला यायची.

"जर्मन आडनाव ना? अर्थ काय त्याचा?" पट्टी बांधता बांधता तिने विचारलं.

"झाडाखालचा झरा. अख्ख्या ब्रिटनमध्ये या नावाचा मी एकटाच. आणि तुझ्या आडनावाचा?"

"आमचं आजोबांनी बदलून घेतलं. जुनं नुसतं ऐकलं तरी लोक जात ओळखायचे. मग पाणीसुद्धा वरून ओतायचे."

"जर्मनीत आमचंही ऐकलं की ओळखायचे. ज्यू म्हणून."

"मग इथे आल्यावर तुम्ही का नाही बदललंत?"

"सगळे सांगत होते, बदल. पण युद्धाआधी मला एकट्याला इंग्लंडच्या आगगाडीत बसवलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई म्हणाली होती, मी मागच्या गाडीने येते." त्यांनी दाराकडे पाहिलं. "नाव बदललं असतं, तर तिला घर कसं सापडलं असतं?"